वन्संचं बेटावरचं खाचर

बेटावर राहायचं तर पोट घट्ट पाहिजे आणि तोंड सैल पाहिजे, असं माझी नणंद म्हणायची. पोट घट्ट म्हणजे जहाजात ओकारी न येणारं. तोंड सैल म्हणजे चार मुलखांच्या माणसांशी भांडता येणारं. माझं दोन्हीत उलटं होतं, म्हणून ती मला कधी माणसात धरत नसे.

तिचं नाव हौसाबाई. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून मी तिला वन्सं म्हणायचे. तोंडावर अहो-जाहो करायचे. इथं लिहिताना 'ती' म्हणते, कारण ती आता ऐकायला नाही. ती गेली त्याला दोन पावसाळे झाले. तिकडच्या तिच्या शेजारणीनं, कौरबाईनं, फोनवर कळवलं.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. पण गावात तिच्याबद्दल जे बोलतात ते खोटं आहे. कुणी म्हणतं भावानं बहिणीला टाकलं, कुणी म्हणतं बहिणीनं भावाला राबवून घेतलं. दुसरं थोडं खरं आहे, पण तेवढंच नाही. मी तिथं होते, म्हणून सांगते.

आमचं गाव तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. वन्संचे मालक लष्करात होते. नोकरी संपल्यावर सरकारनं त्यांच्यासारख्या माणसांना निकोबारच्या अगदी शेवटच्या बेटावर जमीन दिली. सगळे म्हणाले, जाऊ नका. ती दोघं गेली. जंगल तोडलं, नारळ लावले, ओढ्याच्या तोंडाशी भाताची खाचरं काढली. मूलबाळ झालं नाही. पुढं मालक तापानं गेले आणि ती एकटी राहिली. मग समुद्र आत आला. ती तेव्हा वरच्या अंगाला लाकडं आणायला गेली होती म्हणून वाचली. घर गेलं, नारळ गेले, जमीन खचली. पाच खाचरांतलं एक उरलं, आणि त्यातही उधाण आलं की खारं पाणी शिरायचं. सरकारनं तिला टेकाडावर पत्र्याचं घर दिलं. तिथून ती रोज खाली उतरून त्या एका खाचराजवळ जाऊन बसायची.

"एवढं झालं तरी कशाला ऱ्हाता?" असं मी एकदा फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "शेजाऱ्यानं एकदा घरात शिरून नासधूस केली, म्हून आपण घर सोडायचं व्हय? त्यानं येऊ नये एवढं बघायचं." समुद्राला ती शेजारीच म्हणायची.

आता आम्ही तिकडं का गेलो ते सरळ सांगते. गावात सांगितलं की बहिणीला आणायला चाललोय. खरं तसं नव्हतं. माझे सासरे गेले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं लागली, ह्यांचं आणि वन्संचं. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतात. भाऊ साडी घेतो, बहीण सही करते, जेवण होतं, संपलं. वन्सं सहीला येईना. वकिलानं एक मुखत्यारपत्र करून दिलं. तिथल्या साहेबासमोर तिनं त्यावर सही केली की पुढचं काम वेल्ह्याच्या कचेरीत झालं असतं. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही निघालो. तिनं फोनवर एकच गोष्ट मागितली होती. इंद्रायणीचं बी, चार पायल्या.

वेल्ह्याहून एसटीनं पुणे, पुण्याहून रेल्वेनं मद्रास, तिथून तीन रात्री जहाज, पोर्ट ब्लेअरला आठ दिवस मुक्काम, मग दुसरं जहाज. दोन्ही जहाजांत मी फक्त ओकले. समुद्र कसा होता विचाराल तर मला बादलीचा तळ आठवतो. हे बियाचं पोतं मांडीवर घेऊन बसले होते, कारण खाली ओल होती.

बेटावर उतरलो तर ती धक्क्यावर उभी. काळी, वाळलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांत पुरुषी बूट. पाच वर्षांनी भेटत होतो. म्हणाली, "बी भिजलं का?"

"न्हाई, आक्का," हे म्हणाले.

"मग चला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "इंदे, वाटभर ओकलीस ना? दिसतंय."

धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं. जहाज लागलं की तिथं बाजाराचा दिवस. कांदे, बटाटे, औषधं, कुणाची पत्रं, कुणाची सून. वन्संनी पोतंभर कांदे घेतले आणि वाटेत चार घरांना वाटत गेली. मी म्हटलं, एवढे वाटता, तुम्हाला पुरतील का? म्हणाली, "पुडचं जहाज चुकलं की ह्याच घरांत मागायचं हाय." प्रत्येक दारात थांबून ती आमची ओळख करून द्यायची. हिंदी तिची अशी: "ये मेरा भाऊ. काम करनेको आया है."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ह्यांनी पिशवी काढली. जेवण म्हणजे भात, मासा, नारळ. दुसऱ्या दिवशी नारळ, मासा, भात. तिथं आमटीतही नारळ, भाजीतही नारळ, आणि केसांनाही तोच. ह्यांनी कागद तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आक्का, तू आता आमच्याबरुबर चल. आणि एवढी एक सही कर."

तिनं कागद वाचला. ती सातवी शिकलेली होती, सासऱ्यांची लाडकी. सावकाश, बोट ठेवून वाचला. मग म्हणाली, "चलू, का सही करू? दोनातलं एक सांग."

हे रिकामी पिशवी उलटीसुलटी करायला लागले.

"सही केली तर तिकडं माझं काय ऱ्हात न्हाई. मग घरी येऊन काय करू? तुझ्या सुनेच्या हातचं खाऊ?"

"आक्का, आमी काय परके हाय?"

"न्हाईस. म्हून तर सांगते. हे खालचं खाचर हाय ना, ते पिकलं तर मला तिकडच्या जमिनीचं काय करायचं न्हाई. सही घे. न्हाई पिकलं तर मी हितं उपाशी मरणार न्हाई. येईन आणि माझा वाटा घीन. निम्मा." तिनं कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. "आता तुला काय पायजे ते तू ठरव. सकाळी लवकर उठायचंय."

माझा नवरा मोठा कामसू वगैरे नव्हता. पण त्या दिवसापासून त्यानं जेवढं काम केलं तेवढं आमच्या शेतात कधी केलं नाही. निम्मी जमीन डोळ्यांपुढं असली की माणूस राबतो.

वन्संची एक सवय होती. सकाळी खाचरात उतरली की चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. आपण आमटीचं मीठ बघतो तशी. मग थुंकायची आणि सांगायची, "कालच्यापरीस कमी," नाहीतर, "शेजारी येऊन गेला." मला किळस यायची. तिला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू कालवणाची चव बगतीस, म्या भाताची बगते. तुझं शिजल्यावर, माझं पेरायच्या आदी."

आता चूक सांगते. चूक ह्यांची, पण मीही त्यात होते.

आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांची तोडलेली कवळं, वर माती, आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय वेल्ह्यात कुणी रोप टाकत नाही. माझ्या आजेसासूलाही का ते माहीत नसेल, पण राब पाहिजे. हे म्हणाले, राब भाजायचा. तिथं जाळायला काय? सगळं ओलं. शोधत शोधत खाली किनाऱ्यावर गेलो, तर समुद्रानं आणून टाकलेल्या नारळाच्या झावळ्यांचा ढीग, उन्हानं वाळलेला. आम्ही दोघांनी चार दिवस त्या झावळ्या ओढल्या. माझे तळवे फाटले. वन्सं म्हणाली, "ह्या कशाला? आमी हितं कदी राब भाजला न्हाई."

"म्हूनच तुजं पीक बारकं येत असंल," हे म्हणाले. "राबाबिगर भात व्हत न्हाई, आक्का. इसारलीस व्हय?"

ती विसरली नव्हती. पण भाऊ म्हणतोय, आपल्या गावची रीत आहे, म्हणून गप्प बसली असावी. तेवढं एकदाच ती कुणाचं ऐकून गप्प बसलेली मी पाहिली. राब झकास पेटला. कौरबाई धावत आली, तिला वाटलं घर जळतंय. वन्सं म्हणाली, "हमारे गाव का पूजा है." निम्मं बी त्यात टाकलं.

रोप उगवलं, बोटभर झालं आणि शेंड्यापासून पिवळं पडलं. आठ दिवसांत सगळं गवतासारखं वाळलं. वन्सं वाफ्यात उतरली, राख उचलली आणि जिभेवर ठेवली. बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"शंकऱ्या," ती ह्यांना म्हणाली, "आमटीत मीठ दोनदा घातलंस."

झावळ्या खाऱ्या पाण्यात लोळून आलेल्या. त्यांची राख म्हणजे मीठच. जमिनीतलं कमी होतं म्हणून आम्ही वरून घातलं होतं. ह्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मला वाटलं आता ही बाई शिव्या घालणार. मी तयारच होते, मलाही दोन द्यायच्या होत्या. पण ती वाफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बी किती ऱ्हायलंय?"

"दोन पायल्या."

"मग एक डाव हाय अजून. आता माझ्या मनानं."

नवीन रोप तिनं टेकाडावर, घरामागं, परसात टाकलं. तिथं समुद्र कधी पोचला नव्हता. राब नाही, काही नाही. आणि ते वाढेपर्यंत खाली खाचराला बांध घालायचा. ह्यांना दुसरं काही येत नसलं तरी एक येतं, दगडाचा बांध. आमच्या डोंगरावरची सगळी खाचरं बांधानंच उभी आहेत. वन्संला ते ठाऊक होतं. आता मला वाटतं, बियापेक्षा तिला बांध घालणारा माणूस पाहिजे होता.

ओढ्यातून दगड आणायचे. मी आणि वन्सं घमेल्यानं, हे डोक्यावर. वर पाऊस. तिथला पाऊस आपल्यासारखा येतो, पण जायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, चपलेला बुरशी येते, काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवायची. ओढ्यात मगर होती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाण्यात पाय घालेना. वन्सं म्हणाली, "ती सकाळची तिकडल्या अंगाला आसती. तिची वेळ तिची, आपली आपली." आणि खरंच, ती वेळ पाळायची, मगरही आणि वन्संही.

दगड वाहताना एकदा तिनं मला विचारलं, "इंदे, तू केलीस का गं सही तुज्या भावांना?"

"केली की. लगीन झालं त्याच वर्षी."

"काय मागितलंस?"

"काय न्हाई. साडी दिली त्येंनी."

"कसली?"

"सुती. हिरवी."

ती चार पावलं चालली. मग म्हणाली, "येडी," आणि पुढं गेली. मला राग आला. तो राग पुष्कळ दिवस गेला नाही. काही वर्षांनी कळलं की राग तिच्यावर नव्हता.

बांधाला खालच्या बाजूला एक तोंड ठेवलं आणि फुटक्या होडीच्या फळ्यांचं दार केलं. ओहोटीला दार उघडायचं, पावसाचं साचलेलं पाणी मीठ घेऊन बाहेर जायचं. भरती आली की बंद. दिवसातून दोनदा भरती, आणि तिची वेळ रोज पुढं सरकते. वन्सं घड्याळ बघत नसे. चूल सारवता सारवता उठायची, "चला, आला शेजारी," आणि आम्ही खाली पळायचो.

रोप लावून चार दिवस झाले असतील, पौर्णिमा आली. सकाळी उधाणाचं पाणी एवढं चढलं की बांधाच्या वरच्या दगडाला लागलं. दाराची एक फळी आत दबायला लागली. फटीतून पाणी चिरकांडीसारखं उडालं, सरळ नव्या रोपांवर. हे ओरडले, "माती आण, माती!" मी माती टाकते, पाणी ती घेऊन जातं. वन्संनी काय केलं, खांद्यावरची घोंगडी, जी ती पावसात पांघरायची, ती घडी करून फटीवर धरली आणि पाठ टेकून दाराला उभी राहिली. कमरेपर्यंत चिखल.

"आता दगड रचा," म्हणाली.

"आक्का, बाजूला हो. दार तुटलं तर तुझ्यासकट जाईल."

"मी गेले तर तुज्या सहीचं काय? रच."

ह्यांना हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलेलं मी तेव्हाच पाहिलं. आम्ही तिच्या भोवती दगड रचले, तिच्या पोटापर्यंत, आणि पाणी उतरायला लागल्यावर तिला वर ओढून काढली. तिच्या पाठीला फळीचे वळ उठले होते. तिनं पहिली गोष्ट काय केली ते सांगायला नकोच. वाकली, माती उचलली, जिभेवर ठेवली.

"चालंल," म्हणाली.

भाद्रपदात जहाज लागणार अशी बातमी आली. आम्ही महिन्यासाठी गेलो होतो, पाच महिने झाले होते. घरी मुलगा-सून दोघंच भात सांभाळत होती. जहाज चुकलं तर पुढचं कधी ते कुणाला सांगता येईना. खाचर हिरवंगार होतं, गुडघ्याच्या वर गेलेलं. पण लोंब्या अजून बाहेर पडल्या नव्हत्या.

ह्यांनी आदल्या दिवशी बांधावर उभं राहून विचारलं, "आक्का, बघ की कसं दिसतंय. आता तरी सही कर."

"गवत बी हिरवंच आसतं," ती म्हणाली. "दाणा भरू दे."

"आणि भरल्यावर? मी परत येऊ व्हय हितं? मला आता व्हायचं न्हाई."

"तू नको येऊ. मी सांगितलंय ना."

हे खूप बोलले. आईबापाची शपथ घातली, मग चिडले. ती ऐकत होती आणि बांधावरचं तण उपटत होती. कागद ट्रंकेतच राहिला. आम्ही हात हलवत परत आलो. मी वाटभर ओकले. गावात विचारलं, बहीण कुठाय? हे म्हणाले, भात लावलंय. लोक हसले. पाच महिने फसवून राबवून घेतलं, ही गोष्ट तेव्हापासून सुरू झाली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. फोन केला तर ती भाताबद्दल बोलायची नाही. "दाणा भरला का?" असं ह्यांनी विचारलं तर म्हणायची, "सांगायच्या वेळंला सांगीन."

माघात एका दुपारी मी अंगणात हरभरा निवडत होते. एसटीतून उतरून एक म्हातारी रस्त्यानं येताना दिसली. डोक्यावर ट्रंक, हातात कापडी पिशवी, पायांत पुरुषी बूट. सत्तरीला आलेली बाई एकटी, दोन जहाजं, एक रेल्वे आणि दोन एसट्या करून आली होती. पाणी प्यायली, पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"चूल पेटव. मी करते भात."

तीन शेर तांदूळ होता. तिनं स्वतः धुतला, स्वतः वैरला, मला हात लावू दिला नाही. ह्यांच्यापुढं ताट ठेवलं. नुसता भात, वर काही नाही.

"खा."

ह्यांनी घास घेतला. सावकाश चावला. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती, जशी जिभेवर माती ठेवल्यावर स्वतः चवीची वाट बघायची.

"कसाय?"

"ग्वाड हाय," हे म्हणाले. अजून एक घास घेतला. "आपल्यापरीस ग्वाड हाय, आक्का."

"एवढं बी न्हाई," ती म्हणाली. "पर भात हाय. उद्या वेल्ह्याला जाऊ."

कचेरीत तरुण कारकून होता. रीतीप्रमाणं त्यानं विचारलं, "आजी, कुणाचा दबाव नाही ना? स्वखुशीनं हक्क सोडताय ना?"

"सवखुशी न्हाई," वन्सं म्हणाली. "ठरल्यापरमाणं."

कारकुनानं मान वर केली. "आजी, असं नाही लिहिता येत. स्वखुशीनं असंच लिहावं लागतं."

"मग तुमचं ते लिवा. आमचं आमाला म्हाईत हाय." आणि तिनं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनावासकट. अक्षरं एवढी मोठी की चौकटीच्या बाहेर गेली.

ह्यांनी भोरहून आणलेली साडी पुढं केली. चांगली होती, जरीच्या काठाची. वन्संनी ती हातात घेऊन काठ बघितला आणि माझ्या मांडीवर टाकली. "हिला दे. चिखल हिनं तुडवलाय." मी घेतली. का घेऊ नये?

गावची जत्रा आठ दिवसांवर होती. ह्यांनी थांब म्हणून फार आग्रह केला. ती म्हणाली, "जहाज जत्रंसाटी थांबतं व्हय? आणि दार कौरबाईच्या हातात दिलंय. तिला भरती कळत न्हाई." चौथ्या दिवशी आम्ही तिला वेल्ह्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. तिनं ट्रंक स्वतः वर चढवली, खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या बाईला तिची पिशवी सरकवायला लावली. हे खिडकीखाली उभे. एसटी सुरू झाली तेव्हा मीच म्हटलं, "वन्सं, एकदा तोरणा तरी बघून घ्या."

"बघितलाय," ती म्हणाली आणि खिडकीची काच ओढून घेतली. रस्त्यावर धूळ होती.